पाय वाजवून ओलांडायचा पूल

आज धुकं दाट उतरलंय, ओढ्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. असू द्या, बसा. पूल दिसला नाही तरी ऐकू येईल. आमच्या गावात त्यावरून जाणारं प्रत्येक माणूस पाय वाजवत जातं, नवी नवरीसुद्धा. पाहुणे हसतात. पण त्यामागे एक गोष्ट सांगतात.

फार मागे इथे लु आन नावाचा कारागीर होता. तो छिन करायचा. छिन म्हणजे आडवं ठेवून वाजवायचं, रेशमाच्या सात तारांचं लांबट वाद्य. वरची फळी वुथोंग झाडाच्या हलक्या लाकडाची, आभाळासारखी किंचित गोल, खालची कठीण, जमिनीसारखी सपाट, मधे पोकळी. आधी तारा पाचच होत्या म्हणे. एका राजाचा मुलगा गेला, त्या दुःखात त्याने सहावी चढवली. सातवी मागून आली.

लु आनचं एक वाद्य मठातून परत आलं. लाकूड कोवळं आहे, नाद घुमत नाही, असा निरोप. तेव्हापासून तो जाईल तिथे बोटाच्या पेराने खांब ठोकून बघायचा. बायका म्हणायच्या, "याला जेवायला बोलवा, आधी आपलं दार वाजवेल, मग भाताकडे बघेल."

हवं तसं लाकूड त्याला शेवटी या पुलावर सापडलं. वुथोंगचीच फळी, कितीतरी पिढ्यांच्या पायांनी झिजलेली. पाऊल पडलं की घुमायची. एका सकाळी त्याने ती काढली आणि जागी नवी, जाड फळी बसवली. पूल उलट भक्कमच झाला. आपण कुणाचं काही नेतोय, असं त्याच्या मनातही आलं नाही.

त्याच्या शेजारी वेई नावाचे आंधळे म्हातारे राहायचे. पलीकडे दिलेल्या लेकीकडे ते रोज दुपारी जेवायला जायचे, एकटेच. पायाखाली घुमलं की पूल लागला, एवढीच त्यांची खूण. त्या दुपारी पाय पडला, पण घुमलं नाही. वाट चुकली समजून ते बाजूला वळले आणि खाली दगडांत पडले. लोकांनी वर काढलं, पण कंबर मोडली ती मोडलीच.

लु आन फळी परत बसवायला धावला. पण सकाळपासून तो तीच आतून कोरत बसला होता. पोटातलं लाकूड निघालं होतं. आता ती माणसाचा भार पेलणार नव्हती.

पुढे वाद्य पूर्ण झालं. मठाने मागितलं, त्याने दिलं नाही. ते घेऊन तो वेईकाकांच्या अंथरुणापाशी गेला.

आजही आमचे कारागीर जुन्या लाकडाला हात लावण्याआधी आजूबाजूच्या घरांत विचारून येतात. आणि आम्ही पाय वाजवतो, मागून कुणी चाचपडत येत असेल तर त्याला पूल कळावा म्हणून.

त्या दिवशी वेईकाकांच्या उशाशी बसून लु आनने सगळ्यात जाड तार छेडली, थांबून थांबून, पावलं पडावीत तशी. मग त्याचा हात थांबला. तेव्हा वेईकाका म्हणाले, असं सांगतात, "थांबू नकोस रे, लु आन. मी अजून पुलाच्या मधेच आहे."