खोलीत आणखी कोण आहे?

“‘खोलीत आणखी कोण आहे?’ असं विचारलं तिनं मला, बुवा. आता तुम्हीच सांगा, कोण असणार? मी एकटा! दाराला आतून कडी!”

निशिकांत देसाई मठाच्या ओट्यावर बसून तावातावानं बोलत होता. वय चाळिशीपार, पुण्यात कितीतरी वर्षं प्रोग्रॅमर. आजऱ्याजवळच्या टेकडीवरच्या या मठात तो लहानपणापासून येई, आणि आला की बुवांना जगातलं सगळं समजावून सांगे. बुवा ऐकून घेत. पोरावर त्यांची माया होती.

मठाची चूल सांभाळणाऱ्या पारूअक्कानं त्याच्यापुढे चहा ठेवला. एकच कप. बुवा चहा पीत नसत.

“ती म्हंजे कोन?” बुवांनी विचारलं.

“परीक्षेवर नजर ठेवणारी बाई. घरबसल्या पदवी घेतोय ना मी. पेपर कॉम्प्युटरवर, समोर कॅमेरा. ती लांब कुठल्या तरी शहरातून बघत असते, ऐकत असते. खोलीत दुसरं माणूस नको, तोंडातून शब्द नको.”

“मग तू बोललास?”

“पुटपुटलो असेन. काम करताना सवयच असते आम्हाला. तिनं पेपर बंद पाडला. एकदा नाही, दोनदा! आता पुन्हा झालं तर प्रवेशच रद्द.”

“आनि मग?”

निशिकांतनं कप नुसताच हातात धरून ठेवला. चहावर साय धरली...

“फिनलंडच्या एका कंपनीनं काम देऊ केलंय. त्यांना माझं सगळं पसंत आहे, फक्त पदवी हवी. वडील गेले तेव्हा मी कॉलेज अर्ध्यात सोडलं होतं ना. एवढा एकच पेपर राहिलाय, तोही पहिल्या वर्षाचा. बुवा, माझ्या हाताखाली शिकलेली सगळी पोरं बाहेर गेली. प्रत्येकाला विमानतळावर सोडायला मीच. आता नाही सोडवत मला कुणाला... आणि बायकोनं तर फ्रीजसुद्धा विकून टाकलाय.”

फ्रीजचं ऐकून बुवांना हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

“पेपरात इचारत्यात काय?”

“‘संगणक म्हणजे काय?’ मला! हे मला विचारतात!”

बुवा उठले. कोठीच्या खोलीत जाऊन त्यांनी सूपभर घनसाळ तांदूळ काढला.

“जरा खडं निवडून दे. आत तू एकटा. मी दाराशी बसतो.”

सल्ला मागायला आलेल्या माणसाला हे काम. पण बुवांना नाही म्हणायची सोय नव्हती. निशिकांत आत गेला, दार लोटलं गेलं.

सुपात तांदूळ सळसळू लागला...

मग आतून आवाज येऊ लागला. “हे काय... आधी चाळायला नको का? ... काही पद्धत आहे की नाही इथं? ... आख्खी टीम सांभाळतोस ना, देसाई? बस आता खडे निवडत...”

बुवांनी पारूअक्काला खूण केली.

दार उघडलं तेव्हा बुवा ताटली घेऊन उभे होते. ताटलीत चहाचे दोन कप.

“तुम्ही चहा कधीपासून प्यायला लागलात?”

“म्या कुठं? एक तुला, एक पाव्हन्याला.”

“कोण पाहुणा?”

“मगाधरनं बोलतोय की तुझ्यासंगं. लई हुशार दिसतोय. त्येला खडं निवडाय बसिवलं म्हनून रागावलाय.”

निशिकांतनं सूप खाली ठेवलं. खोलीभर नजर फिरवली. पोती, कणगी, एक झरोका...

मग तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि एकदम हसत सुटला. बुवाही हसले. पारूअक्काला काही कळलं नव्हतं, तरी तीही हसली.

“म्हणजे त्या बाईनं बरोबरच विचारलं होतं?”

“समदी हयात गेली, मी बी हेच इचारतोय लोकांस्नी. एवढं नीट मला कधी जमलं न्हाई. गावली तर माझा नमस्कार सांग तिला.”

“ह्याला घालवू कसा, बुवा?”

“घालिवतोस कशाला? गुनाचा हाय त्यो. परीक्षेपुरता दाराभाईर बसीव. त्येचं शिकून झालंय.”

थंडी पडली तेव्हा निशिकांत पुन्हा टेकडी चढून आला. हातात पेढ्यांचा पुडा. चपला काढायच्या आधीच बोलायला सुरुवात.

“पास झालो, बुवा! पदवी आली, व्हिसा आला, पुढच्या आठवड्यात दोघं निघतोय! या वेळी विमानतळावर बायको आणि मी आत जाणार, बाकीचे बाहेरून हात हलवणार!”

तो पाया पडला. बुवांचे डोळे भरून आले. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“लई बरं वाटलं रं. आनि त्यो पाव्हना?”

“बाहेर म्हणजे बाहेर! शब्द नाही फुटला. पहिल्यापासून शेवटपर्यंत चिडीचूप. बाकीची पोरं किती चुळबुळ करत असतील, बुवा! असं शांत बसणं... खरं सांगू का, माझ्याइतकं कुणाला जमलेलंच नाही. ती बाईसुद्धा थक्क झाली असेल!”

बुवा त्याच्याकडे बघत राहिले... फार प्रेमानं बघत राहिले.

मग चुलीकडं तोंड करून त्यांनी हाक मारली,

“पारू, चहा टाक गं. दोन कप.”