प्याद्यापाशी आलेला राजा

एक होता राजा. त्याचं नाव तुंगराज. त्याच्याकडे बुद्धिबळाचा एक पट होता, कुणा जोग्यानं दिलेला. साधासुधा नव्हता बरं का तो. राजाशी खेळायला बसलेल्याचा मोहरा मेला, की त्या माणसाचं थोडं अंग लाकडाचं व्हायचं. प्यादं गेलं तर एखादं नख. घोडा गेला तर हात. आणि डाव हरला की माणूस अख्खा लाकूड! मग राजा त्याला अंगणात उभा करून ठेवायचा.

सुटका नव्हती का? होती. जोगी सांगून गेला होता, "प्याद्यानं राजावर मात केली, की सगळे पुन्हा जिवंत होतील." प्याद्यानंच हं. हत्तीनं मात केली, वजिरानं केली, तर पट ती मानायचाच नाही. मोहरे आपले टुकटुक चालत मागच्या घरात जाऊन बसायचे.

आता प्यादं किती सावकाश चालणार! बिचारं एकेक घर पुढे सरकतं. आणि राजा बसायचा पार कोपऱ्यात, हत्तीच्या आड. प्यादं तिथवर पोचायचं कधी? वाटेतच मरायचं.

एकदा काय झालं, येसू नावाचा एक जण खेळायला गेला, तो परत आलाच नाही. मग त्याची बहीण निघाली, सगुणा. दोघं भावंडं लहानपणापासून धुळीत पट आखून चिंचोक्यांनी खेळायची. सगुणा अंगणात आली. बघते तर येसू उभा, लाकडाचा. पागोट्यावर कावळा बसलेला. तिनं आधी कावळा हाकलला. मग आत गेली.

"खेळायला आले," म्हणाली.

राजा हसला. "भाऊ उभा आहे, त्याच्या शेजारी जागा आहे हो एक!"

"मग पुसून ठेवा," सगुणा म्हणाली. "बसायला आवडेल मला. उभं राहून पाय दुखतात."

मग डाव मांडला. राजानं आपला राजा नेला कोपऱ्यात. सगुणा बघत बसली. तिला वाटलं, इथं जो येतो तो आपले मोहरे जपतो. जपणारच. हातपाय कुणाला नको असतात? पण जपून जपून सगळे हरलेच ना! प्यादं राजापाशी जाऊ शकत नाही. मग राजाच प्याद्यापाशी आला तर?

पण तो कशाला येईल? पुढ्यात काही खायला ठेवलं तर येईल.

मग सगुणानं आपला हत्ती उचलला, तो थेट राजाच्या नाकासमोर नेऊन ठेवला. "शह."

"पोरी, हत्ती आंधळा आहे का गं तुझा?" राजा म्हणाला, आणि त्यानं आपल्या राजानं तो हत्ती खाल्ला. सगुणाचे पाय गुडघ्यापर्यंत लाकडाचे झाले. पण राजा कोपऱ्यातून बाहेर आला.

मग तिनं घोडा उचलून राजाच्या शेजारच्या घरात ठेवला.

राजाच्या मागं उभे असलेले दिवाणजी पुटपुटले, "सरकार, घोडा सोडा. मागं व्हा."

"दारात आलेला घोडा सोडू? दिवाणजी, तुम्ही म्हातारे झालात!" राजानं घोडा खाल्ला. सगुणाचा डावा हात गेला. राजा आणखी पुढे आला.

मग तिनं वजीर उचलला. अख्खा वजीर, बरं का! खिडकीतून येसू दिसत होता. तिनं वजीर ठेवला. "शह."

आता राजाला मागं फिरायचं होतं. पण मागच्या वाटेवर सगुणाचा उंट डोळा लावून बसलेला. वजीर खाण्यावाचून इलाजच नाही. राजानं खाल्ला. सगुणा गळ्यापर्यंत लाकूड झाली. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं.

राजानं पटाकडे नीट पाहिलं. त्याचे हत्ती, त्याचा वजीर, सगळे लांब घरी. आणि तो एकटाच भलतीकडे.

"दिवाणजी, आपण कुठं आलो हो?"

"सरकार," दिवाणजी म्हणाले, "प्याद्यांच्या ओट्यावर."

सगुणानं बोट पुढे केलं. प्यादं फक्त एक घर ढकललं. ढकलायला बोटच पुरतं ना? "शह," ती म्हणाली. आवाजसुद्धा लाकडासारखा आला.

राजा या बाजूला बघतो, उंट. त्या बाजूला बघतो, तिचा दुसरा घोडा. पुढं बघतो, तिथं दुसरं प्यादं पहिल्याला राखत उभं, म्हणजे खायचीही सोय नाही. पाय ठेवायला घर नाही. सगळे पटाकडे बघत राहिले. मोहरे मागं चालतायत का? नाही. एकही हलला नाही.

आणि अंगणात कुणीतरी शिंकलं.

येसू होता तो! मग त्याच्या शेजारचा खोकला. मग एकानं जांभई दिली. सगुणाच्या बोटांत मुंग्या आल्या, पायांत आल्या, आणि ती उठून धावलीच.

राजा मागून आला. पट आता नुसता पट झाला होता. हळूच म्हणाला, "पुन्हा खेळशील?"

"खेळेन की. पण हरेल त्याला जेवू घालायचं."

राजा कबूल झाला.

वाटेत येसू म्हणाला, "काय गं, अख्खा वजीर देऊन टाकलास?"

"वजीर काय रे," सगुणा म्हणाली, "पुढच्या डावाला परत मिळतो."

मग दोघं घरी गेली, गरम गरम जेवली, आणि सुखात राहिली. राजाही राहिला, अंगणातले सगळेही आपापल्या घरी राहिले. तुम्ही आता कुशीवर वळा बघू. पाय पोटाशी घ्या. झोपा.