नेरीचा चेहरा

"कायद्याप्रमाणेच वागलो ना मी, बाबा? मग लोक मला पाहून वाट का बदलतात?"

म्हातारे संन्यासी उबाल्दो चौकातल्या पायरीवर बसून शिळा पाव पाण्यात भिजवत होते. तोंडात दात उरले नव्हते.

"कुठला कायदा?"

जसं काही ठाऊकच नव्हतं! समोर न्यायसभेच्या भिंतीवर नेरीचं चित्र होतं. एका पायानं टांगलेला, डोकं खाली. इटलीतल्या त्या डोंगरी नगराचा कायदाच तसा होता. जो शत्रूला मिळाला, त्याला हद्दपार करायचं, त्याचं घर पाडायचं आणि त्याला असा उलटा रंगवून कायमचा बदनाम करायचा. नेरी म्हणजे हे विचारणाऱ्या लापोचा सख्खा धाकटा भाऊ.

"सभेत पहिला हात मी वर केला," लापो म्हणाला. "आधी नगर, मग रक्त."

"बरं..."

"चितारी परगावचा. म्हणाला, या पळालेल्याचा चेहरा कुठून आणू? आम्ही भाऊ एका साच्यातले. मीच जाऊन बसलो त्याच्यापुढे. नगरासाठी स्वतःचा चेहरा दिला, बाबा! दुसरं कोण देईल?"

"कोणीच नाही देणार."

लापोला क्षणभर बरं वाटलं. पण म्हातारा हसत नव्हता.

तेवढ्यात एक भाजीवाली आली. जाता जाता चित्रावर थुंकली, वळली आणि लापोला पाहून दचकली. डोक्यावरच्या रुमालानं तोंड झाकून भरभर निघून गेली.

"पाहिलंत? रोजचंच आहे हे. सभेची निवड तोंडावर आलीय आणि माझं नाव घ्यायला एक माणूस तयार नाही. तुमचं ऐकतात सगळे. सांगा ना त्यांना, लापोसारखा नागरिक नाही म्हणून."

उबाल्दोंनी पाव बाजूला ठेवला. कण्हत उठले, भिंतीपाशी गेले आणि तिच्याकडे डोकं करून सरळ फरशीवर आडवे झाले.

"ये."

"इथं? चारचौघांत?"

"ये रे."

लापो धुसफुसत शेजारी आडवा झाला. मान मागे टाकून त्यानं वर पाहिलं. भिंतीवरचा चेहरा आता सुलटा दिसत होता. गालावरून थुंकी ओघळत होती.

लापोचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला.

"पुसता येणार नाही ते," तो पुटपुटला. "चित्राला कोणी हात लावायचा नाही, हे कलम कायद्यात मीच घातलंय."

"तुझी आई येते इथं रोज," उबाल्दो म्हणाले. "मान वाकडी करून बघत राहते आणि रडते. कोणत्या लेकासाठी, ते मी अजून विचारलेलं नाही."