अर्धा बोन सेट

एका जिल्ह्याच्या गावी, सरकारी मेडिकल कॉलेजच्या मागच्या गल्लीत, शरीररचनाशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहत असत. उभा जन्म त्यांनी विद्यार्थ्यांना हाडे शिकवली, म्हणून सगळे त्यांना हाडांचे सर म्हणत. पहिल्या वर्षाला अभ्यासासाठी जो हाडांचा संच लागतो, ज्याला मुले बोन सेट म्हणतात, तसे चार-पाच जुने संच त्यांनी जपून ठेवले होते. नव्या मुलांना ते वर्षभर वापरायला देत. अट एवढीच की हाडावर पेनाची रेघ दिसता कामा नये. प्रवेश सुरू झाले की त्यांच्या दारात चपलांना जागा उरत नसे.

एका वर्षी उदगीरकडची ऋजुता बिरादार वडिलांना घेऊन त्यांच्याकडे आली. वडील खेड्यातल्या शाळेत शिक्षक होते. प्रवेश परीक्षेने ऋजुताला दोनदा थोडक्यात हुलकावणी दिली होती आणि तिसऱ्या खेपेला तिचा नंबर लागला होता. घराण्यात डॉक्टर होणारी ती पहिलीच. ही बातमी बिरादार गुरुजींनी एस.टी.तल्या शेजाऱ्यालाही सांगितली होती.

सरांचा पहिला प्रश्न हाडांबद्दल नव्हता. "रूम कुठं घेतलीस?" त्यांनी विचारले.

उत्तर गुरुजींनी दिले. "नदीपलीकडच्या कॉलनीत, सर. हॉस्टेलला एका खोलीत तिघीतिघी. आमच्या पोरीला गडबड चालत नाही बघा. इथं स्वतंत्र खोली आहे, मोठं टेबल आहे, आरशाचं कपाट आहे. शेजारपाजार काही नाही."

"कॉलेजला यायला किती वेळ लागतो?"

"रिक्षानं अर्धा तास."

"आणि पुस्तकं?"

"सगळी घेतली, सर," ऋजुता म्हणाली. "प्रत्येक विषयाला तीन-तीन लेखकांची."

सर 'बरं' म्हणाले आणि आत गेले. बाहेर आले ते एक कापडी पिशवी घेऊन. ऋजुताने ती उघडून पाहिली. दंडाचे हाड होते, पण ते ज्यात बसते तो खांद्याचा फरा नव्हता. मांडीचे हाड होते, पण कमरेचे नव्हते.

"उरलेला अर्धा सेट हॉस्टेलमधल्या सबीहा शेखकडे आहे," सर म्हणाले. "तीही तुझ्याच वर्गात आहे. फरा पाहायचा असेल तर तिच्याकडे जा. दंड पाहायचा असेल तर ती तुझ्याकडे येईल."

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिले. रस्त्यावर आल्यावर गुरुजी म्हणाले, "वय झालंय त्यांचं. असं कुणी अर्धं देतंय का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून प्लॅस्टिकचा पूर्ण सेट आणला आणि सरांची पिशवी कपाटाच्या वर गेली.

इथे गुरुजींना नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. प्रवेश परीक्षेचा अभ्यास आपली मुले दार लावून करतात, आणि जे लावलेल्या दाराआड जमले ते पुढेही तसेच जमेल असे घरच्यांना वाटते. मलाही माझ्या मुलाच्या वेळी असेच वाटले होते.

ऋजुता कष्टाळू होती. मात्र सकाळचे तास संपून दुपारचे डिसेक्शन, म्हणजे शवविच्छेदनाचा तास, सुरू होईपर्यंत खोलीवर जाऊन येणे शक्य नसे, म्हणून ती कॅंटीनमध्ये बसून राही. संध्याकाळी खोलीवर पोचली की कोणते पुस्तक उघडावे यातच वेळ जाई. एकात जे चार ओळींत होते ते दुसऱ्यात चार पाने भरून, आणि तिसऱ्यात वेगळ्याच नावाने. शेवटी ती हाड हातात घेऊन आरशाच्या कपाटासमोर उभी राही, ते आपल्या दंडाला लावी आणि म्हणे, "हे उजव्या बाजूचं." ते बरोबरच असे. चूक काढायला तिथे कोणी नव्हते.

पहिल्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी दंडाचे हाड तिच्या हातात दिले. "कुठल्या बाजूचं?"

"उजव्या, सर."

"माझ्या अंगावर धरून दाखव."

आरशात तिचा उजवा हात उजवीकडेच दिसायचा. त्या सवयीने तिने हाड आपल्या उजवीकडे, म्हणजे परीक्षकांच्या डाव्या दंडाला लावले. हाडाचे गोल डोके छातीकडे वळायला हवे होते, ते उलट बाहेरच्या बाजूला वळले. परीक्षकांनी कागदावर फुली मारली. पुढच्या प्रत्येक हाडाला ती आधी उजवे, मग डावे म्हणत राहिली.

ती नापास झाली. तीन आठवड्यांनी फेरपरीक्षा होती. तीही गेली तर विद्यापीठाच्या परीक्षेला वर्गाबरोबर बसता येणार नव्हते. घरी तिने फोनवर 'बरी गेली' एवढेच सांगितले. फोन ठेवल्यावर मात्र तिला वडिलांच्या त्या एस.टी.तल्या शेजाऱ्याची आठवण झाली आणि ती खूप रडली.

मग ती कापडी पिशवी घेऊन सरांकडे गेली. झाले ते तिने काही न लपवता सांगितले. सरांनी दंडाचे हाड तिच्या हाती देऊन "माझ्या अंगावर लाव" म्हटले. ती पुन्हा चुकली. सरांनी तिचा हात धरून दुसऱ्या बाजूला नेला. तिथे हाड जसे बसायला हवे तसे बसले.

"बाळ, तुला हाड येतं," सर म्हणाले. "तुला समोरचा माणूस येत नाही. समोरच्याचा उजवा हात तुझ्या डाव्या हाताला असतो. हे पुस्तकात लिहिलेलं आहे, तू पाठही केलं असशील. पण ते अंगी लागायला समोर कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि तुझ्या खोलीत तर आरसाच आहे. पूर्ण सेट दिला की मुलं दार लावून बसतात, हे मी फार वर्षं पाहिलं. तेव्हापासून मी अर्धा देतो. आणि राहायचं ठिकाण बघताना टेबल बघू नये गं. दुपारी तिथं जेवायला जाता येतं का आणि अडलं तर कुणाला हाक मारता येते, एवढं बघावं. पुस्तक प्रत्येक विषयाचं एक पुरे. तेही पहिले चार तास ऐकून, वरच्या वर्गाला विचारून घ्यावं. बाकी लायब्ररीत आहे."

"सबीहा आता मला फरा दाखवेल का, सर? तीन महिने मी तिला हे हाडच दिलं नाही."

"ते तिला विचार," सर म्हणाले.

सबीहाने तिला दोन शब्द सुनावले. तिचेही खांद्याच्या सांध्यावरच अडले होते. मग तिने फरा काढला आणि दोघींनी प्रथमच दंडाचे डोके त्याच्या खोबणीत बसवून पाहिले. सबीहाच्या खोलीतली तिसरी मुलगी मावशीकडे राहायला गेल्यामुळे खाट रिकामी होती. त्याच रविवारी ऋजुता सामान घेऊन आली. पुस्तके तिने निवडून एकेकच आणली. पुढचे तीन आठवडे कॉलेज सुटले की एक भिंतीशी उभी राही आणि दुसरी तिच्या अंगावर हाडे लावी. गडबड होतीच. त्या गडबडीतच पाठांतर होत गेले.

फेरपरीक्षेला तेच परीक्षक होते. त्यांनी तेच हाड दिले. "कुठल्या बाजूचं?"

ऋजुताने हाडाकडे पाहिले, मग त्यांच्याकडे पाहिले. टेबलाला वळसा घालून ती त्यांच्यासमोर गेली आणि हाड दंडाला लावून म्हणाली, "तुमच्या उजव्या, सर."

परीक्षकांनी कागदावरून मान वर केली. "'तुमच्या' म्हणणारी आज तू पहिलीच," ते म्हणाले आणि पुढच्या हाडाकडे वळले.

ती पास झाली. संध्याकाळी तिने घरी फोन केला आणि या वेळी सगळे सांगितले, आधीचे नापास होणेही. गुरुजींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ती पिशवी सांभाळून ठेव बाई."

पुढच्या वर्षी ऋजुता ती पिशवी परत करायला गेली. सरांच्या दारात एक नवी मुलगी अर्धा सेट हातात घेऊन हिरमुसून उभी होती. "ताई, यात फराच नाही," ती म्हणाली.

ऋजुताने तिला फऱ्याबद्दल काही सांगितले नाही. चपला काढता काढता तिने विचारले, "रूम कुठं घेतलीस गं?"