पाटीवरची वाट

एकदा एक वृद्ध वैद्य होते. त्यांच्या कोठीत औषधाच्या दीड हजार पुड्या, आणि प्रत्येकीवर कुठल्या ना कुठल्या गावाचे नाव. पुड्या बांधल्या जात त्या क्रमाने फळ्यांवर चढत, म्हणून एकाच गावच्या पुड्या कोठीभर विखुरलेल्या असत. कुठली पुडी कुठल्या फळीवर, हे एका वहीत नोंदलेले असे. गावाहून चिठ्ठी आली की वैद्यबुवा आधी डोळे मिटून स्वस्थ बसत, कोठीतली वाट मनाशी आखत आणि मगच उठत.

त्यांचा शिष्य गोरक्ष हुशार होता. जरा जास्तच हुशार म्हणा ना! एकदा एका वाडीने आपल्या नावच्या पुड्या मागवल्या; त्या चारच होत्या. गोरक्षाने वाट आखली आणि पाटीवर लिहून दारात टांगली : ‘वही पाहा, फळी गाठा, पुडी आणा, पुन्हा वही पाहा.’

“गुरुजी, चिठ्ठीत बदलते ते फक्त गावाचे नाव. मग दर वेळी नव्याने डोके कशाला शिणवायचे?”

“खरे आहे,” वैद्यबुवा म्हणाले. काम झपाट्याने होऊ लागले आणि गोरक्षाची मान ताठ झाली.

मग नदीपलीकडच्या मोठ्या गावात तापाची साथ आली. गाडीवान शिदबा चिठ्ठी घेऊन धापा टाकत आला. “बुवा, माझी पोर तापानं फणफणलीय. दिस मावळला की नदीवरली नाव बंद. आमच्या गावच्या समद्या पुड्या द्या!”

गोरक्षाने सवयीने पाटी पाहिली आणि धावू लागला. वही, फळी, पुडी. वही, फळी, पुडी. दुपार कलली तरी टोपलीत शंभर पुड्याही नव्हत्या, आणि हव्या होत्या सातशे. शिदबाच्या डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात वैद्यबुवा आले आणि चक्क दारातच मांडी घालून, डोळे मिटून बसले!

“गुरुजी, तिकडे माणसे मरतील, आणि आपण बसता काय?” गोरक्ष ओरडला.

बुवांनी डोळे उघडले. “वही मिट. पहिल्या फळीपासून शेवटच्या फळीपर्यंत सरळ चालत जा, आणि त्या गावचे नाव दिसेल ती पुडी टोपलीत टाक. निम्मी कोठी त्याच गावची आहे. तिथे शोधायचे काय?”

सूर्य हातभर वर होता तेव्हा गाडी नावेकडे सुटली.

गोरक्ष शरमून पाटी पुसायला गेला. बुवांनी त्याचा हात धरला. “पाटीने काय पाप केले? वाट उत्तमच आहे, पण चार पुड्यांसाठी. तू वाट जपलीस आणि तिचे माप लिहायला विसरलास. नुसते नाव बदलले की चिठ्ठी तीच वाटते, काम मात्र तेच राहत नाही. पाटी खुशाल वापर. आधी एवढेच विचार : किती?”

त्यांनी पाटीच्या माथ्यावर ‘थोड्यांसाठी’ असे लिहिले आणि शेजारी ‘पुष्कळांसाठी’ ही नवी पाटी टांगली.

आजचे संगणकही माहितीच्या कोठारात शोध घेण्याच्या वाटा अशाच जपून ठेवतात, आणि तिथेही चूक होते ती गोरक्षाचीच. पण गोष्ट अजून संपलेली नाही.

महिन्याभराने शिदबा पुन्हा आला. चिठ्ठी त्याच गावची, पण साथ ओसरली होती आणि पोर त्याच्या खांद्यावर बसली होती.

“किती?” गोरक्षाने विचारले.

पोरीनेच तीन बोटे दाखवली. गोरक्ष हसला, आणि निःशंक मनाने जुन्या पाटीकडे वळला.