सरपंचांच्या सुरकुत्या

लंडनहून फोटोग्राफी शिकून आलेल्या शर्वरीला वाटलं होतं, गावात खरे चेहरे टिपायला मिळतील. इथे तर प्रत्येकाला गोरं आणि गुळगुळीत व्हायचं होतं.

सरपंच दादासाहेब तिच्या स्टुडिओच्या गाळ्याचे मालक. निवडणुकीच्या फ्लेक्सवरच्या त्यांच्या फोटोतली तेलकट चमक तेवढी तिने काढली होती.

"अगं पोरी, सुरकुत्या कोण पुसणार? पूस, नाहीतर गाळा खाली कर!"

तिने सगळ्या पुसल्या आणि ती म्हणाली, "काका, हा तर हुबेहूब तुमचा पुतण्या! तोच तुमच्याविरुद्ध उभा आहे ना? तुमच्या खर्चाने प्रचार त्याचा होईल."

दादासाहेब ताडकन उठले. "सुरकुत्या परत आण! एकही कमी नको!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरीने ठरवलं, यापुढे गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, आधी एवढंच विचारायचं, "घरात तुमचं कुणाशी पटत नाही?"