मुकाट्या डोंगर

हाका मारून घसा कोरडा करू नका, पाव्हणं. त्यो डोंगर उत्तर द्यायचा न्हाई. पल्याडचं टेकाड बी हाकंला ओ देतं, ह्यो देत न्हाई. म्हणून तर त्याचं नावच मुकाट्या. बसा ह्या दगडावर, सांगतो.

लई मागं, म्हणे, टोपीकरांची पलटण गावात येऊन बसली. तरणी पोरं डोंगराच्या झाडीत दडली, आन् रोज येऊन पलटणीची घोडी सोडून द्यायची. त्यांचा म्होरक्या सटवा. त्याची बहीण हंसा तमाशात गायची, सटवा तिच्या मागं उभा राहून झील ओढायचा. म्हंजी तिची ओळ संपली की ह्यानं ‘जी जी रं जी’ म्हणायचं. पर हंसाची ओळ संपली की पाळण्यातलं पोर बी ‘जी’ म्हणायचं, असं सांगत्यात. कुणाच्या घशात ऱ्हायचंच न्हाई.

कप्तानाच्या कानावर ह्ये गेलं. त्यानं हंसाला डोंगराखाली उभी केली, झाडीवर बंदुका रोखल्या.

“गा. जी म्हणंल त्याला गोळी. न्हाई गायलीस तर गाव पेटवीन.”

“गाते की. मधीच खोकू नका, साहेब. ताल चुकंल.”

तिनं सूर लावला. वर सटव्यानं पटक्याचा शेव तोंडात कोंबला. डोंगरानं बी दम धरला, त्यो अजून सोडला न्हाई.

पर हंसा ओळ संपवंचना! एकच शब्द वळवायची, झुलवायची, पुन्यांदा वर न्यायची. ऊन कललं. पाखरं बसली ती उठंनात. गाई रवंथ करायच्या थांबल्या. शिपायांच्या बंदुका मांडीवर आडव्या झाल्या, डोळं पेंगलं. तेवढ्यात पोरं एकेक करून पल्याड उतरली. सटवा सगळ्यात मागनं.

दिस बुडता बुडता हंसाचा दम सरला. ओळ संपली. सगळं गपगार.

आन् एकच आवाज उठला, “जी जी रं जी!”

कप्तान! दिसभर वाट बघून बघून त्याच्याच घशातनं सुटलं की! पलटण खदाखदा हसली. त्या लाजेनंच, म्हणे, त्यानं तळ हलवला.

हंसाचा आवाज मातुर तिथंच सरला. पुढं भावाशी भांडायची ती बी खुणेनं.

आजही आमच्या जत्रंत पहिल्या गाण्याची झील कुणी ओढत न्हाई. ती जागा साहेबाची, मोकळी सोडायची. मग तुमच्यावानी एखादा पाव्हणा नेमका तिथं न राहवून ‘जी जी’ करतो, आन् बाया तोंडाला पदर लावून म्हणत्यात, “आला गं बाई, साहेब आला!”